ऐलतीरीं घरवाट, पैलतीरीं पारख

श्रीगजाननाचे पायीं माथा, शारदेचे पायीं लेखणी, आणि ज्या मायबहिणींचीं नांवें कोणत्याही दफ्तरीं चढलीं नाहींत त्यांस आधीं दंडवत. शके सोळाशें सत्याण्णव, मन्मथनाम संवत्सरे, आश्विन मासीं एका राज्यांत वर्तमान जाहलें तें ऐसें. महाराजांनीं गरिबांचे लेकरांस गांवोगांव शाळा घालून दिल्या, पंतोजी नेमिले, धूळपाट्या दिल्या. परंतु लेकरें आठ दिवस येत आणि पंधरा दिवस दिसेनाशीं होत. कोणाचे घरीं आई तापानें निजलेली, कोणाची थोरली लेक धाकट्यास कडेवर घेऊन उंबऱ्यांत बसलेली. तेव्हां आईसाहेब बोलिल्या, "मूल शाळेंत एकटें येत नाहीं, पाठीशीं घर घेऊन येतें. घराकडे कोण पाहातें?" मग महाराजांनीं घरवाटेचें काम निर्माण केलें, म्हणजे जें मूल आलें नाहीं त्याचे घरची वाट एका बाईनें धरावी, काय उणें तें जाणावें आणि भरून काढावें. परंतु कारभारी म्हणाले, "नवें काम, गुण येतो कीं नाहीं ऐसें पाहिल्याविना राज्यभर पसरूं नये." तें महाराजांस मानवलें, आणि नागो राम पारखी यांस पारख करण्याचा हुकूम जाहला.

नागो राम मोठे नेकीचे पुरुष. त्यांनीं एका नदीचे दोन कांठ निवडिले, ऐलगांव आणि पैलगांव. जमीन एक, पाऊस एक, लोक एक. ऐलगांवीं बाई द्यावी, पैलगांवीं देऊं नये, आणि तीन वर्षांनीं दोहोंकडील लेकरें एके ठायीं बसवून वाचन, हिशेब आणि शाळेची हजेरी पाहावी. अंतर पडेल तितका बाईचा गुण. ऐलगांवीं चिमाबाई साळीण नेमिल्या. विधवा बाई, एक मुलगा पदरीं, बोलणें थोडें. नागो रामांनीं त्यांस बजाविलें, "बाई, नदी ओलांडावयाची नाहीं. पैलगांवास हात लावाल तर पारख बुडेल, पारख बुडाली तर काम बुडेल, आणि अवघ्या राज्यांतील लेकरें उघडीं पडतील."

चिमाबाई म्हणाल्या, "पंत, पैलाडचं लेकरू दारात येऊन रडलं तर?"

"दार लावावें."

"दार घराला हाय. कानाला कुठलं?"

पंतांनीं आणेचा कागद पुढें केला. बाईंनीं आण घेतली, आणि घेतली ती पाळिली.

मग चिमाबाई काम करूं लागल्या. त्यांची रीत ऐसी कीं, ज्या घरीं जात तेथें मूल कां आलें नाहीं हें पुसतच नसत. उंबऱ्याशीं बसून सुपांतले खडे वेंचूं लागत, आणि सूप सरावयाचे आंत घरची बाई आपण होऊन बोलूं लागे. मग कोणाकडे कोठीचें धान्य पोंचे, कोणाकडे वैद्य जाई, तापकऱ्यास काढा कसा द्यावा हें त्या चुलीशीं बसून शिकवीत, आणि आळीआळींतील आयांनीं पाळीपाळीनें एकमेकींचीं तान्हीं सांभाळावीं ऐसें त्यांनीं बसवून दिलें, कीं थोरल्या लेकी मोकळ्या होऊन शाळेस जाव्या. दुसरे वर्षीं श्रावणांत ऐसें जाहलें कीं, पैलगांवची ठकू, बहिर्जी पाटलांची सून, तापलेलें लेकरूं उराशीं धरून पैलतीरीं उभी राहिली आणि हांका मारूं लागली, "मावशेऽऽ! डोळं फिरवतंय गं पोर! काय करू, एवढं सांग!" चिमाबाई धांवल्या, गुडघाभर पाण्यांत शिरल्या, आणि तेथें त्यांस आण आठवली. एकीकडे एक लेकरूं, एकीकडे राज्यभरचीं लेकरें. उभ्या राहिल्या, ओठ हालले, शब्द फुटला नाहीं. आणि माघारीं फिरल्या. ते दिवसापासून त्या नदीवर पाण्यास गेल्या नाहींत, विहिरीचें पाणी शेंदीत. तें लेकरूं वांचलें कीं गेलें हेंही पुसावयाचा धीर त्यांस जाहला नाहीं.

मग तिसरे वर्षीं आश्विनांत पारख भरली. पैलगांवीं, बहिर्जी पाटलांचे आंगणीं दोहों गांवचीं लेकरें बसविलीं. चिमाबाईंस बोलावणें आलें आणि त्या प्रथमच नदी उतरून गेल्या. नागो रामांनीं चार दिवस एकेका लेकरास पुढें घेऊन वाचविलें, हिशेब घातले, हजेऱ्या ताडून पाहिल्या. दोहों गांवीं लेकरें सारखीं! बोटभर अंतर नाहीं. पाटील मिशीवर हात फिरवून म्हणाले, "आमच्या गावाला बाई लागत नाही, पंत. आमचं रक्तच तसलं." नागो राम बहुत कष्टी होऊन बोलिले, "बाई, तुम्ही राबलांत, पण गुण दिसत नाहीं. काम मोडावें ऐसेंच मला दरबारीं सांगावें लागेल." चिमाबाई खालीं पाहूं लागल्या. काम मोडणार हें दुःख होतेंच, परंतु त्याहून मोठें हें कीं, जें काम राखावयास त्या पाण्यांतून माघारीं फिरल्या तें काम फोलच होतें. ऐसें असेल तर तें लेकरूं कशाकरितां टाकिलें?

ते दिवशीं तिसरे प्रहरीं पाटलांकडे हादग्याची पाळी होती. त्या मुलखाची चाल ऐसी कीं, सासऱ्यापुढें सुनेनें तोंड उघडूं नये, परंतु हादग्याचे फेरांत सून जें गाईल त्याचा राग कोणीं धरूं नये. ठकूनें सर्व ऐकिलें होतें. पाटावर हत्ती मांडिला, गांवच्या सुनांनीं फेर धरिला, आणि ठकूनें पदर खोंचून गाणें काढिलें:

नदीकाठीं मावशी गं, गुडघा पाणी झालें,
सरकारची आण तिला, पाऊल मागें नेलें.
बहीण माझी पाठची गं, हाक ऐकून आली,
मावशीची रीत तिनं माझ्या चुलीं केली.
माझं तान्हं जावेकडं, तिचं उद्या मजकडं,
थोरली लेक चालली गं शाळेच्या वाटेकडं.
सासरा म्हणे रक्त माझें, ऐकून हसूं आलें,
रक्त तुमचें मामंजी, पण दूध माहेरचं प्यालें!

बायका पोट धरून हंसल्या. पाटलांचा हात मिशीवर होता तो तेथेंच राहिला. चिमाबाई मात्र हंसल्या नाहींत. ठकूचे मागें पदर धरून एक पोर उभी होती. तिजकडे पाहात त्या श्रावणापासून कोंडलेलें रडें एकदांच रडल्या. ठकू फेर सोडून आली, म्हणाली, "मावशे, रडतीस काय? हीच ती. बाराखडी म्हणती आता, कान किटवती."

नागो राम उठले. पुसिलें, "बाई, तुम्हीं नदी ओलांडिली नाहीं ना?"

"न्हाई, पंत."

"मग या सुना कोठल्या?"

ठकू पदराआडून म्हणाली, "ऐलगावच्याच की समद्या! आन इथल्या लेकी तिकडं दिल्यात. पंचमीला जातो, दिवाळीला जातो, बघतो ते घेऊन येतो. हे इचारलं नव्हतं व्हय कुणी?"

नागो राम कपाळास हात लावून बसले. माती पाहिली, पाऊस पाहिला, लोक पाहिले. सोयरीक पाहिली नाहीं. मग तैसेच घोड्यावर बसून दरबारीं गेले आणि महाराजांपुढें पागोटें उतरून बोलिले, "चूक बाईची नव्हे, माझी. काम फुकट गेलें ऐसें म्हणतां येत नाहीं. किती फळलें हेंही सांगतां येत नाहीं, कारण मीं बांध घातला तो मातीचा, आणि पाणी खालून गेलें." मग महाराजांनीं हुकूम केला कीं, ऐलगांवचें काम चालवावें, आणि पारख पुन्हां करावी, ज्या गांवाशीं ऐलगांवची सोयरीक नाहीं ऐशा दूरचे गांवीं. नागो रामांनीं हिंडून हिंडून डोंगरापल्याडचें सातकडें नामें गांव काढिलें, आणि परत येऊन चिमाबाईंस सांगितलें, "तेथें तीन वर्षें बाई द्यावयाची नाहीं." चिमाबाईंनीं पुसिलें, "तिथं पोरं आजारी पडत्यात का, पंत?" आणि सूप पुढें ओढून खडे वेंचूं लागल्या. पंत सूप सरेपर्यंत बसले, मग उठून गेले.

मग वैशाखमासीं नागो राम पारख मांडावयास सातकड्यास गेले, तों वेशीशीं मांडव, सनई वाजते, आणि मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभा तो चिमाबाईंचा लेक. पंत घोड्यावरून उतरले. म्हणाले, "बाई, हेंही गांव गेलें!"

चिमाबाई म्हणाल्या, "गेलं कुठं, पंत? सोयरं झालं. पंचमीला सून माहेरी येईल."

पंतांनीं घटकाभर डोंगराकडे पाहिलें. मग जोडे काढून मांडवांत शिरले, आणि मूठभर अक्षता घेऊन वऱ्हाडांत उभे राहिले.

येणेंप्रमाणें घरवाटेची पारख दोन वेळां मांडिली आणि दोन्ही वेळां बुडाली, काम राहिलें. जैसें ऐकिलें तैसें लिहिलें. अधिक उणें असेल तें लेखकाचें, पुण्य त्या सुनांचें.