बेशुद्ध माणसाला उठवू नका

मास्तरांचा कान कापला गेला तो काही फार नाही, जेमतेम नखाएवढा. पण रक्त बघून सलूनवाला स्वतःच धाडकन पडला, आणि आता कुणी कुणाला सांभाळायचं असा घोळ झाला. दुकानामागच्या खोलीतून त्याची बायको धावत आली आणि हाताला लागली ती पावडर तिने मास्तरांच्या कानावर ओतली. तिची कॉलेजात जाणारी मुलगी फोनवर उपाय शोधत राहिली. शेवटी मास्तरांनीच एका हाताने कान दाबून धरला, दुसऱ्या हाताने सलूनवाल्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि डोक्यावर टॉवेल टाकून ते घरी गेले. त्यांचे डाव्या बाजूचे केस कापून झाले होते. उजव्या बाजूचे अजून तसेच होते.

खरं दुखणं कानाचं नव्हतं, झोपेचं होतं. तीन आठवडे सलूनवाल्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पहिल्या रात्री झोप आली नाही ती उकाड्याने. दुसऱ्या रात्री ती येईल की नाही या काळजीने आली नाही, आणि मग काळजीच रोज वेळेवर यायला लागली. हात थरथरू लागले. दाढीची गिऱ्हाइकं आधीच पळाली होती, आता केसांवर पाळी आली होती. "हात असाच राहिला तर दुकान बंद करायला लागेल," तो बायकोला म्हणाला. "आज कान होता. उद्या गळा असला म्हणजे?"

त्याची थोरली बहीण, आक्का, निवृत्त नर्स. कानाची हकिगत कळताच दुसऱ्या दिवशी ती आपली औषधांची पेटी घेऊन हजर झाली. दुकानाला सुट्टी होती आणि नुकतीच जेवणं उरकली होती.

"जखमेवर पावडर?" तिने भावजयीला दारातच विचारलं. "अगं, तो माणूस होता की कॅरमबोर्ड?"

"वन्सं, मला काही सुचलंच नाही."

"म्हणून तर आले. स्वच्छ कापड घ्यायचं आणि घट्ट दाबून धरायचं. आज तुम्हाला सगळं शिकवल्याशिवाय मी हलत नाही. चला, आधी बेशुद्ध माणूस. पेशंट कोण होतंय?"

सगळ्यांनी सलूनवाल्याकडे पाहिलं. कालचा अनुभव त्याच्याच गाठीला होता. तो मुकाट्याने सतरंजीवर आडवा झाला.

"श्वास चालू असेल तर असं कुशीवर वळवायचं," आक्का सांगू लागली. "वरचा गुडघा दुमडायचा. हात गालाखाली. हनुवटी जरा वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. मग बघायचं, छाती वरखाली होते का. ऐकायचं, श्वास येतो का. घाई करायची नाही." तिचा आवाज एका पट्टीत, संथ, वॉर्डातून चालल्यासारखा चालला होता. पडद्यातून पिवळट ऊन आत झिरपत होतं. पंखा आपला टक्, टक् करत फिरत होता.

मुलीने बाबांच्या नाकाशी कान नेला. "आत्या, बाबा घोरतायत."

"नाटकं करतोय. लहानपणापासूनची सवय आहे त्याची."

"नाही गं, खरंच."

आक्काने वाकून पाहिलं. भाऊ गाढ झोपला होता. त्याचा चेहरा इतका सैल पडला होता की दहा वर्षं मागे गेल्यासारखा दिसत होता. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "वन्सं, तीन आठवड्यांनी हो!"

आक्काला आधी आनंद झाला आणि मग जरा राग आला. "म्हणजे माझ्या शिकवण्याने झोपला?" असं म्हणून ती गप्प बसली. लगेच सलूनवाल्याच्या पापण्या फडफडल्या, भुवया आखडल्या.

"बोला, वन्सं, बोला!"

"भाजलं तर," आक्का घाईघाईने म्हणाली, "वाहत्या गार पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट लावायची नाही." पापण्या मिटल्या. घोरणं पुन्हा रुळावर आलं.

मग काय, तास सुरूच राहिला. नाकातून रक्त आलं तर पुढे वाकायचं, मागे नाही. पाय मुरगळला तर उंचावर ठेवायचा. मायलेकींना नुसतं बसून राहणं जमेना, म्हणून त्यांनी एकमेकींवर हात साफ केला. मुलीचा पाय घोट्यापासून पट्टीत गेला आणि बायकोचा हात झोळीत. तासाभराने आक्काला पाणी प्यायचं होतं, म्हणून बायकोने सूत्रं हाती घेतली. "अहो, चटका बसला तर..." एवढंच ती म्हणाली. 'अहो' कानावर पडताच सलूनवाला डोळे न उघडता बोलला, "आणतो. पिशवी कुठंय?" आणि सतरंजी चाचपू लागला. आक्काला अर्धा घोट टाकून परत यावं लागलं.

दोन तास झाले. प्रथमोपचार संपले, ताप संपला, बाळाला अंघोळ कशी घालायची तेही झालं. आक्का आता हॉस्पिटलातल्या चादरी मोजत होती. "एकोणिसावी चादर, कोपऱ्याला फाटकी..." आणि तिचा घसा बसला तो बसलाच. नेमकी त्याच वेळी दारावर थाप पडली.

दारात मास्तर होते. कानाला पट्टी, डोक्यावर कालचाच टॉवेल. "उद्या शाळा आहे," ते म्हणाले. "हा अवतार घेऊन वर्गात गेलो तर मुलं..." मग त्यांनी आत पाहिलं. एक जण जमिनीवर आडवा, एकीचा हात गळ्यात, एकीचा पाय उशीवर, आणि चौथीला बोलता येत नव्हतं. "इथे झालंय तरी काय?"

"हळू!" बायको कुजबुजली. "ते झोपलेत."

"मग उठवा! माझी उजवी बाजू कोण कापणार?"

"नका हो मास्तर. अजून तासभर मिळाला तर हात थरथरायचा थांबेल त्यांचा. नाहीतर दुकानच जाईल आमचं." सतरंजीवर चुळबूळ सुरू झाली होती. एक डोळा किलकिला झाला होता.

मास्तर भडकले, पण त्यांचं भडकणंही सपाट होतं. "बत्तीस वर्षं मी भूगोल शिकवतोय, बाई. बत्तीस वर्षांत अशी वेळ माझ्यावर आली नाही..." किलकिला डोळा अलगद मिटला. आक्काने मास्तरांचा दंड घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने 'चालू द्या' अशी खूण केली.

मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या तासाला दहाव्या मिनिटाला शेवटचा बाक झोपतो, विसाव्याला पहिला, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. हेडमास्तर त्यांना खेळाच्या नंतरचा तास द्यायचे, मुलांना विसावा मिळावा म्हणून. मास्तरांना ते लागायचं. ते कुणाला बोलले नव्हते, एवढंच.

"बोला ना मास्तर," बायको हात जोडायला गेली, पण एक हात झोळीत होता. "पाया पडते."

"काय बोलू?"

"शाळेत बोलता तेच."

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांनी टॉवेल मांडीवर घेतला. "नदी," ते म्हणाले. "नदी डोंगरात असते तेव्हा तिला घाई असते. मैदानात आली की तिचा वेग कमी होतो. ती वळणं घेते. बरोबर आणलेला गाळ हळूहळू खाली टाकते." कुणी चुळबुळत नव्हतं, कुणी चिठ्ठ्या फिरवत नव्हतं. मास्तरांना ओरडावं लागत नव्हतं. ते नदीच्या काठाकाठाने सावकाश चालू लागले. ऊन भिंतीवरून कपाटावर आणि कपाटावरून छताकडे सरकलं.

झोपेत सलूनवाला तराफ्यावर पडून वाहत होता. दोन्ही काठांवर झाडं होती आणि त्यांच्या फांद्या लांब केसांसारख्या पाण्यात लोंबत होत्या. तो जाता जाता कंगव्याने त्या विंचरत होता. एकही पान तुटत नव्हतं. कुणीतरी काठावरून सांगत होतं, की आता घाई नाही.

त्याला जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारी बायको, पलीकडे मुलगी, भिंतीशी आक्का, तिघी कुशीवर, गुडघा दुमडून, हनुवटी वर करून, शिकवल्याबरहुकूम झोपल्या होत्या. मास्तर एकटेच जागे होते. "आणि इथे नदी समुद्राला मिळते," ते त्याच्याकडे बघून म्हणाले. "पुढचं मी कधी शिकवलेलंच नाही. इथवर कुणी टिकत नाही."

सलूनवाल्याने आपला हात डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ धरला. हात जागचा हलला नाही. "मास्तर," तो म्हणाला, "दुकानात चला."

खुर्चीवर बसताच मास्तरांना जोर चढला. ते भरती-ओहोटीवर आले. दोन मिनिटांत सलूनवाल्याने जांभई दिली, तिसऱ्या मिनिटाला कात्री मंदावली. एव्हाना तिघी जाग्या होऊन दारात आल्या होत्या. आक्काने ते पाहिलं, पेटी उघडली आणि एक अक्षरही न बोलता मास्तरांच्या जिभेखाली थर्मामीटर सारला. समुद्र जिथल्या तिथे थांबला.

मग कात्री झरझर चालली. उजवी बाजू डावीला मिळत आली. बायको आरशात मास्तरांकडे बघत म्हणाली, "मास्तर, पुढच्या सुट्टीलाही याल का? एक तास घ्यायला?"

बत्तीस वर्षांत मास्तरांना कुणी 'अजून एक तास घ्या' म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. तोंडात थर्मामीटर होता, म्हणून त्यांनी मान हलवली, अगदी जोरजोरात, वरखाली.

"हलू नका!" तिघी एकदम किंचाळल्या. आक्काचा आवाजसुद्धा फुटला.

कात्री उजव्या कानापासून बोटभर लांब, हवेत जागच्या जागी थांबली होती. तिचं टोकसुद्धा थरथरत नव्हतं.

"हलू द्या त्यांना," सलूनवाला शांतपणे म्हणाला. "हो म्हणतायत ते."