आधी तुम्ही, सर!

ज्या दिवशी गाडी चालवायची परीक्षा द्यायची होती, त्या दिवशी सकाळीही व्हर्लिन टॉस्ट्रुड आपल्या मोटेलच्या स्वयंपाकघरात दोन ग्रीक पाहुण्यांना गाडी कशी चालवायची ते शिकवत होता. शिकागोहून भाड्याची पांढरी गाडी घेऊन निघालेलं हे जोडपं डकोटाचे डोंगर बघायला चाललं होतं. वाटेत मिनेसोटातल्या एल्व्हरडाल गावात रात्रीपुरतं उतरलं होतं. व्हर्लिनच्या मोटेलमध्ये खोलीच्या भाड्यात नाश्ता मिळायचा आणि नाश्त्यात वाहतुकीचे नियम.

"लाल दिवा असला तरी उजवीकडे वळता येतं," पॅनकेक उलटत व्हर्लिन म्हणाला. "पण आधी पूर्ण थांबायचं."

"आमच्याकडेही वळतात," स्टाव्रोस म्हणाला. "थांबत नाहीत, एवढंच."

"आणि हॉर्न?" त्याच्या बायकोनं, देस्पिनानं, विचारलं. थेसालोनिकीत ती हॉर्न वाजवल्याशिवाय गॅरेजमधूनही बाहेर पडत नसे.

"हॉर्न असतो गाडीत," व्हर्लिन सावधपणे म्हणाला. "मी एकदा वाजवलाय. गाय होती रस्त्यात. नंतर तिच्या मालकाच्या घरी जाऊन माफी मागून आलो."

मग त्यानं समोरून येणाऱ्या गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम कसा करायचा ते दाखवलं. "अंगठ्याशेजारचं बोट. शेजारचंच. त्याच्या पलीकडचं नाही, त्याचा अर्थ वेगळा होतो." स्टाव्रोसनं काट्यावर सराव केला. पोलिसांच्या बाबतीत मात्र व्हर्लिन गंभीर झाला. "मागं पोलिसांची गाडी आली आणि दिवे लागले, की थांबायचं. इंजिन बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर. उतरायचं नाही आणि हात हलवायचे नाहीत. काहीही झालं तरी."

"नाक खाजलं तर?"

"खाजू दे."

"आणि चौरस्ता? चारी बाजूंना थांबायची पाटी, मधे दिवा नाही. तिथं कोण जातं?"

"जो आधी आला तो. दोघं बरोबर आले, तर उजवीकडचा. काहीच कळलं नाही, तर आपण थांबायचं आणि गावातल्या माणसांना जाऊ द्यायचं."

"अरे, नऊ वाजून गेले," त्याची बायको लव्हॉन म्हणाली. "त्यांना शिकवून झालं असेल, तर स्वतःचं बघ."

स्वतःचं प्रकरण असं होतं. व्हर्लिन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. सारी हयात त्यानं गावच्या शाळेत मुलांना गाडी शिकवली. आज एल्व्हरडालच्या रस्त्यावर जे जे चाक फिरतं, त्यामागे बहुतेक त्याचा विद्यार्थी असतो. मागच्या महिन्यात चर्चच्या आवारात गाडी मागं घेताना त्याचा धक्का लागून जिरेनियमची एक कुंडी फुटली. कुणी पाहिलं नव्हतं. तेव्हा व्हर्लिननं स्वतःच शेरीफच्या कचेरीत फोन करून स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवली. "सर, जाऊ द्या हो," डेप्युटी कर्ट गयावया करत होता. तोही विद्यार्थीच. "कुंडी माझ्या आत्याचीच आहे. ती म्हणते, ती फुटायचीच होती." पण व्हर्लिन ऐकेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या चालकाविरुद्ध तक्रार आली, की जिल्ह्याच्या गावाहून परीक्षक येतो आणि गाडी चालवून दाखवावी लागते.

नापास झाला, तर परवाना जाणार. लव्हॉनची नजर अधू, ती गाडी चालवत नाही. मोटेलचं सामान आणायला, डॉक्टरकडे जायला वीस-वीस मैल. मिनीआपोलिसला राहणारी त्यांची मुलगी कार्ला हिनं फोनवर स्पष्टच सांगून ठेवलं होतं. "डॅड, परवाना गेला, तर मोटेल विकायचं आणि इकडं यायचं. मी फ्लॅट बघून ठेवलाय. लिफ्ट आहे, म्हाताऱ्यांसाठी बिंगोचा खेळ आहे." बिंगो हा शब्द ऐकल्यापासून व्हर्लिनला नीट झोप नव्हती.

परीक्षक मिस ग्लेनिस शूप ही बाहेरगावची, म्हणजे व्हर्लिनच्या हाताखाली न शिकलेली. ती शेजारी बसली, पट्टा लावला आणि मांडीवरच्या पाटीला कागद अडकवला. पहिली काही मिनिटं व्हर्लिननं अशी गाडी चालवली, की लग्नाचा केक मागच्या सीटवर उघडा ठेवावा. मग धान्याच्या कोठाराजवळ एक ट्रक आडव्या रस्त्यानं आला. रस्ता व्हर्लिनचा होता. त्यानं थांबून ट्रकला हातानं 'जा' म्हटलं. ट्रकवाल्यानं बोट उचललं. व्हर्लिननं बोट उचललं. मिस शूपनं पेन उचललं.

"रस्ता तुमचा होता, मिस्टर टॉस्ट्रुड."

"हो, पण तो बिचारा माल भरून चाललाय."

पुढं बँकेपाशी त्यानं एका बाईला जाऊ दिलं, कारण तिच्या गाडीत कुत्रा होता.

"हे बघा," मिस शूप म्हणाली. आवाज कठोर नव्हता, नुसता सरकारी होता. "आपला हक्क असताना दुसऱ्याला हातानं पुढं काढणं ही चूक आहे. त्यानं अपघात होतात. तुम्हीच मुलांना हे शिकवलं असेल."

"अक्षरशः हेच शिकवलं," व्हर्लिन म्हणाला.

"आणखी एकदा हात वर केलात, तर मला नापास करावं लागेल. बाकी तुमच्यात खोड काढायला जागा नाही."

एवढ्यात चौरस्ता दिसू लागला.

तो निर्विवाद सगळ्यांच्या आधी पोचला. पूर्ण थांबला. मग समोरून अर्डिस ब्येर्केची गाडी आली. गावातल्या म्हाताऱ्या ऑर्व्हिलचा अंत्यविधी होता आणि चर्चमध्ये नंतरच्या जेवणासाठी अर्डिस बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला गरमागरम पदार्थ, घेऊन चालली होती. भांड्यातून अजून वाफ निघत होती. डावीकडून शेतकरी मायलो ट्रॅक्टर घेऊन आला. उजवीकडून, सगळ्यात शेवटी, पांढरी गाडी आली. स्टाव्रोस आणि देस्पिना.

आता रस्ता व्हर्लिनचा होता, आणि नुसतं सरळ जायचं होतं. पण अर्डिसनं सरांना ओळखलं आणि अदबीनं हात केला, 'आधी तुम्ही.' मायलोनं टोपी काढून तसाच हात केला. व्हर्लिनचा उजवा हात आपोआप वर जाऊ लागला, तेव्हा त्यानं डाव्या हातानं तो धरला.

"निघा ना," मिस शूप पुटपुटली.

"निघतोच. पण हॉटडिश थंड होतंय हो तिचं."

मनाचा हिय्या करून त्यानं ब्रेकवरचा पाय काढला. नेमकं त्याच वेळी अर्डिसला वाटलं, की सर काही जात नाहीत, त्यांना आपल्यामुळे ताटकळत ठेवणं बरं नाही, तेव्हा आपणच निघावं. दोन्ही गाड्या हातभर पुढं आल्या आणि दचकून थांबल्या. अर्डिस काचेआडून "सॉरी, सॉरी" म्हणत होती. व्हर्लिनही ओठांनी "सॉरी" म्हणाला, कारण ओठांना मिस शूपची हरकत नव्हती. दोघं पुन्हा हातभर निघाले, पुन्हा थांबले. स्टाव्रोसला काहीच कळेना. काही कळलं नाही तर थांबायचं, गावातल्या माणसांना जाऊ द्यायचं. तो थांबला.

त्याच्या मागं रांग लागली. रांगेत शेवटी कर्ट आपल्या पोलिसी गाडीत होता. चौरस्त्यावर एवढ्या गाड्या उभ्या म्हणजे कुणाला तरी बरं नसणार, असं वाटून तो कडेनं पुढं आला आणि पांढऱ्या गाडीच्या मागं येताच त्यानं दिवे लावले.

स्टाव्रोसनं आरशात पाहिलं. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि श्वासही बेतानं घ्यायला लागला.

कर्ट खिडकीशी आला. "हाय, मंडळी. काही अडचण?"

"नाही, सर," स्टाव्रोस समोर बघत म्हणाला.

"मग निघा की पुढं."

"नाही, सर. गाडी सुरू करायला हात काढावा लागतो."

"काढा की!"

"काहीही झालं तरी काढायचा नाही, असं आम्हाला सांगितलंय."

"अहो, पण मीच पोलीस आहे आणि मीच सांगतोय!"

"तो तुझी परीक्षा घेतोय," देस्पिना नवऱ्याच्या कानाशी लागली. "हलू नकोस."

"सांगितलं कुणी तुम्हाला हे?" कर्टनं विचारलं. स्टाव्रोसनं हात न हलवता हनुवटीनं डावीकडे व्हर्लिनची गाडी दाखवली. कर्टनं वळून पाहिलं आणि आपोआप ताठ उभा राहिला. सरांनी सांगितलं असेल, तर ते चूक कसं म्हणायचं? तोही सरांच्याच हाताखाली शिकला होता. तो चौरस्त्याच्या मधोमध गेला आणि व्हर्लिनला म्हणाला, "सर, तुम्ही निघा. मी बघतो यांचं."

आता तर पोलिसाचाच हुकूम होता. मिस शूपनं निःश्वास टाकला. "चला, मिस्टर टॉस्ट्रुड. सरळ जा, पुढच्या वळणावर परीक्षा संपली. पास."

व्हर्लिननं पाय उचलला. तेवढ्यात उजवीकडून हाक आली. हात स्टिअरिंगला चिकटलेले, कपाळावर घाम, आणि नाक बहुधा खाजत असलेला स्टाव्रोस खिडकीतून ओरडत होता. "मिस्टर व्हर्लिन! आता काय करू?"

"हात वर केलात, तर मला लिहावं लागेल," मिस शूप हळूच म्हणाली. "खरंच लिहावं लागेल हो. नका करू."

व्हर्लिननं तिच्याकडे पाहिलं. मग ज्याला आपण सकाळी शिकवलं आणि जो परक्या मुलखात भर रस्त्यात आपल्या भरवशावर बसलाय, त्याच्याकडे पाहिलं. बिंगोचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. त्यानं काच खाली केली आणि पूर्ण हात बाहेर काढला. अर्धामुर्धा नाही, शाळेच्या मैदानावर काढायचा तसा.

"हात काढ, मुला! गाडी सुरू कर. आरसा बघ. हं, आता ये. सावकाश. शाब्बास!"

पांढरी गाडी सुरू झाली आणि चौरस्ता ओलांडून गेली. जाता जाता स्टाव्रोसनं बोट उचललं. अगदी बरोबर बोट उचललं. मग अर्डिस गेली, मायलो गेला, रांगेतले सगळे गेले, आणि सगळ्यांच्या शेवटी, सर्वांत आधी आलेला व्हर्लिन टॉस्ट्रुड गेला.

वळणावर गाडी उभी करून तो म्हणाला, "तुम्हाला फार अवघडल्यासारखं झालं असेल. माफ करा हं."

मिस शूप बराच वेळ लिहीत होती. "मी पुष्कळ लोकांना नापास केलंय," ती शेवटी म्हणाली. "पण ज्याच्या गाडीत माझ्या आईला निर्धास्त बसवलं असतं, असा माणूस आजवर एकही नापास केला नव्हता." मग तिनं डोळे पुसले आणि नापास केलं. व्हर्लिनला तिच्याविषयी फार आदर वाटला. त्यानं तिला घरी नेऊन कॉफी पाजली. म्हणजे नेलं तिनं, पाजली त्यानं.

बातमी हॉटडिशच्या आधी चर्चमध्ये पोचली. आपल्यामुळे सरांचा परवाना गेला, असं अर्डिसचं ठाम मत झालं. मायलोच्या मते दोष ट्रॅक्टरचा होता. कर्ट तर दिवे लावल्याबद्दल स्वतःविरुद्ध तक्रार लिहायला बसला होता, त्याला शेरीफनं उठवलं. सरांना आता कुठंही जायचं असेल, तर आपण न्यायचं, असं प्रत्येकानं आपापलं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी व्हर्लिनला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. सकाळी तो टोपी घालून बाहेर आला, तर मोटेलच्या फाटकात अर्डिसची गाडी, तिला भिडून मायलोची, मागं कर्टची, आणि त्यामागं आणखी तीन-चार जुने विद्यार्थी.

"सर माझ्या गाडीत बसतील," अर्डिस म्हणाली. "पण मायलो, तू आधी आलायस, तू ने."

"छे छे, तू ने. तुझ्या सीटा मऊ आहेत."

"कर्टला नेऊ द्या, त्याची रात्रपाळी झालीय, बिचारा मुद्दाम थांबलाय."

"नको, नको, मी मागं येतो. आधी तुम्ही."

व्हर्लिन थोडा वेळ पायरीवर उभा राहिला. मग मोटेलमध्ये उतरलेली एक पोर्तुगीज बाई मागच्या दारानं निघाली होती, तिला त्यानं विचारलं. बाई अमेरिकेत पहिल्यांदाच गाडी चालवत होती आणि लाल दिव्याला उजवीकडे वळायच्या धसक्यानं सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेजारी शिक्षक बसणार म्हटल्यावर तिनं देवाचे आभार मानले. मागच्या शेतरस्त्यानं दोघं गेले. दात दाखवून झाला, येताना बाई तीन वेळा लाल दिव्याला उजवीकडे वळली, त्यातल्या एकदा वळायची गरजही नव्हती. व्हर्लिन परत आला, तेव्हा फाटकात इंजिनं चालूच होती.

"चला, सर, ठरलं!" मायलो ओरडला. "अर्डिस नेतेय."

"जाऊन आलो," व्हर्लिन म्हणाला.

हे त्यानंतर रोजचंच झालं. पाहुण्यांना शेजारी बसणारा गुरू हवा होता आणि गुरूला गाडी. त्याची चर्चा पसरून मोटेलच्या खोल्या भरू लागल्या. आणि फाटकातली मंडळीही रोज न चुकता यायची, कारण काल आपण सरांना नेऊ शकलो नाही, याची प्रत्येकाला रुखरुख लागलेली असायची. लव्हॉन किटली घेऊन बाहेर जायची आणि खिडक्या-खिडक्यांतून कॉफी ओतायची.

अशाच एका सकाळी कार्लाचा फोन आला. "मॉम, परवाना गेल्याला महिना झाला. कधी निघताय? फ्लॅट किती दिवस धरून ठेवू?"

लव्हॉननं पडदा सरकवून फाटकाकडे बघितलं. अर्डिस काच खाली करून मायलोला 'आधी तू' म्हणत होती आणि मायलो टोपी काढून मान हलवत होता.

"निघू गं," लव्हॉन म्हणाली. "पण सामानाचा ट्रक आत यायला हवा ना. त्यासाठी यांच्यातल्या कुणीतरी आधी बाहेर पडायला पाहिजे."