सेनापती ओंग यांची लाथ

सोमवारी संध्याकाळी योम पिल्ग्यूच्या तालमीत चार पोरं आली, आणि त्यांतली दोन समोरच्या तालमीचा पत्ता विचारायला आली होती. पिल्ग्यूने खिडकीतून बोट करून पत्ता दाखवला. तोवर तो प्रामाणिक माणूस होता.

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे. काचेची नवी इमारत, पोरांना दारातून उचलून आणणारी कार्टून रंगवलेली व्हॅन, आणि वरपासून खालपर्यंत सोडलेला फलक : ‘तायक्वांदो. दोन हजार वर्षांची परंपरा.’ ती परंपरा चालवणारा पोरगा बत्तीस वर्षांचा होता आणि केसांचा मेंदी रंगाचा तुरा काढत होता. पिल्ग्यूच्या तालमीवर, खालच्या शेवयांच्या हॉटेलच्या धुराने पिवळ्या पडलेल्या पाटीवर लिहिलं होतं : ‘स्थापना १९८९’.

“एकोणनव्वद म्हटलं की लोकांना जुना फ्रिज आठवतो, हारिनचे बाबा,” त्याची बायको सुनिम म्हणाली. “वसंतात शाळा उघडेपर्यंत पोरं आली नाहीत, तर कुलूप लावायचं आणि माझ्या भावाच्या डुकरांकडे जायचं. तो माणूस शोधतोच आहे.”

“मी? डुकरांकडे? ब्लॅक बेल्टवाला माणूस?”

“डुकरांना बेल्टचं काही नसतं.”

पिल्ग्यू डुकरांना घाबरायचा. बैल बघून हसायचा, कुत्र्याला दरडावायचा, पण डुक्कर त्याच्याकडे टक लावून बघू लागलं की त्याला शाळेतले गणिताचे मास्तर आठवत. काहीतरी करायलाच हवं होतं.

आता दोन हजार वर्षं ही शुद्ध थाप आहे हे हाग्योन गावात पिल्ग्यूइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या गुरूंचे गुरू जपानी राज्यात टोकियोला शिकायला गेले आणि येताना कराटे घेऊन आले. पुढे जपानी गेले, हातपाय राहिले. ज्याने त्याने आपापली तालीम काढली. नावं डझनभर, भांडणं त्याहून जास्त. मग पन्नासच्या दशकात मोठी माणसं बैठकीला बसली आणि ‘तायक्वांदो’ हे नाव ठरलं. पुढे पोरांनी हातांपेक्षा पायांवर भर दिला, लाथ कमरेवरून छातीवर गेली, छातीवरून डोक्यावर, आणि घेतलेल्या वस्तूची घडता घडता स्वतःची वस्तू झाली. यात लाजण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण खरं सांगून पोट भरत नाही, आणि जगाला बापापेक्षा खापरपणजोबा जास्त प्यारा असतो. थापच मारायची तर ती हजार वर्षांची मारावी. दहा वर्षांची थाप मारली की साक्षीदार जिवंत सापडतात.

पिल्ग्यूने तेराशे वर्षं मागे एक सेनापती उभा केला. आडनावाशी मात्र अडला. योम घालावं तर गावातले चुलतभाऊ पोट धरून हसतील. त्यांनी पिल्ग्यूचा आजोबा पाहिला होता. किम घालावं तर अर्धं गाव ‘कुठले किम?’ म्हणून दारात येईल. बायकोचं आडनाव होतं ओंग. इथे बाई लग्नानंतरही बापाचंच आडनाव लावते, त्यामुळे ते पत्रपेटीवर रोज डोळ्यांसमोर होतंच. ओंग म्हणजे देशभरात मूठभर माणसं, त्यांतली निम्मी म्हातारी. कोण येतंय विचारायला?

तिसऱ्या दिवशी फलक लागला : ‘सेनापती ओंग मुजिन यांची अस्सल युद्धकला. तेराशे वर्षे.’ चित्रात दाढीवाला, चिलखत घातलेला योद्धा हवेत लाथ मारत होता. चिलखत नाटकाच्या दुकानातून भाड्याने आणलेलं, दाढी गोंदाने चिकटवलेली, आणि आतला माणूस पिल्ग्यू.

“हे काय टांगलंय?” सुनिमने खालूनच ओरडून विचारलं. “माझ्या माहेरात सेनापती कधी झाला? आमच्याकडे जास्तीत जास्त मोठा माणूस म्हणजे राजाच्या तबेल्यात घोडे धुणारा!”

“मग झाली की बढती.”

“तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?”

तिच्या प्रश्नाचं उत्तर रविवारी सकाळी जिना चढून आलं. जिन्यावर आधी काठ्यांचा आवाज, मग धापा, मग घोड्याच्या केसांच्या काळ्या उंच टोप्या आणि पांढरे झगे. ओंग घराण्याची अख्खी कुलसभा दारात उभी. सगळ्यांच्या पुढे सुनिमचे चुलत काका, एक्याऐंशी वर्षांचे ओंग ग्यूबॉम, कुलसभेचे अध्यक्ष. त्यांनी पिल्ग्यूकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेरच्या फलकाकडे पाहिलं, गुडघे टेकले आणि ढसाढसा रडू लागले.

“कुठे होता हो इतके दिवस!” ते फलकाला म्हणाले.

मागचे सगळे जमिनीला कपाळ टेकून रडले. किम लोकांकडे राजे, ली लोकांकडे राजे, पार्क लोकांकडे राजे. ओंग लोकांनी तेराशे वर्षं लग्नाकार्यात मान खाली घालून सूप प्यायलं होतं. आज त्यांना सेनापती मिळाला होता.

“काका, ते चित्र म्हणजे...” पिल्ग्यूने सुरुवात केली.

“बोलू नका, जावईबापू. नाक बघा. ओंग घराण्याचं नाक! आमच्या थोरल्या भावाचं असंच होतं.”

“नाक माझं...”

“तुमचं कुठे इतकं! तुमचं बसकं आहे.”

रडण्याचा आवाज उघड्या खिडकीतून खाली गेला आणि रस्त्यावर गर्दी जमली. टोपीवाले म्हातारे फलकापुढे लोटांगण घालताहेत म्हटल्यावर मुलांच्या आया थांबल्या. समोरच्या दोन हजार वर्षांपुढे आजवर कुणी रडलं नव्हतं. इथे खरे अश्रू होते. दुपारपर्यंत बारा पोरांची नावं नोंदली गेली. खरं सांगायला उघडलेलं पिल्ग्यूचं तोंड हळूच मिटलं. डुकरं एक पाऊल मागे सरली.

ग्यूबॉम काका मात्र पुढे सरले. “कबर कुठे आहे?”

“कबर...” पिल्ग्यूने छताकडे पाहिलं. “पुरात वाहून गेली.”

“कुठल्या पुरात?”

“मोठ्या.”

“शेवटची लाथ कुठे मारली त्यांनी?”

उचलली जीभ लावली टाळ्याला. “इथेच,” पिल्ग्यू म्हणाला. “ह्याच जागी.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घराण्याच्या रीतीप्रमाणे पूर्वजाची कबर हरवली तर त्याच्या स्मरणाचा दगडी ओटा बांधतात, आणि शरदात त्यापुढे कुळाचं श्राद्ध होतं. पंधरवड्यात क्रेनने खिडकी काढून दगड आत आला आणि तालमीच्या बरोबर मधोमध बसला. खालच्या हॉटेलवाल्याच्या शेवयांत छताचा चुना पडला. तो भांडायला वर आला, दगड बघून नमस्कार करून खाली गेला. पोरं दगडाभोवती गोल फिरून सराव करू लागली.

श्राद्धाच्या दिवशी ओट्यावर नासपती, बोरं, चेस्टनट, तांदळाची दारू आणि एक मोठा सुका मासा मांडला. माशाचं तोंड पूर्वेला की पश्चिमेला यावरून कुलसभेत दोन तट पडले, काठ्या उगारल्या गेल्या. भिंतीवर सरावाचे आरसे होते. आरशात मासा उलटा दिसत होता, त्यामुळे शेवटी दोन्ही तटांना आपणच जिंकलो असं वाटलं आणि दारू ओतली गेली.

“आता लाथ दाखवा,” काका म्हणाले.

पिल्ग्यू खूश झाला. एवढं एक त्याला खरोखर येत होतं. त्याने धाव घेतली, उडी मारली, हवेत गिरकी घेतली आणि दगडावरून पलीकडे असा उतरला की पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यांचे हात काठ्यांवरच राहिले.

“पूर्वजांच्या डोक्यावरून गेलात,” काका थंडपणे म्हणाले. “तळवा दाखवत.”

“लाथेत तळवा दिसणारच, काका.”

“सेनापती खानदानी होते. खानदानी माणूस कमरेच्या वर पाय नेणार नाही.”

“पण फलकावर तर...”

“चित्रकाराची चूक. चित्रकार कुठल्या घराण्यातला होता कोण जाणे.”

त्या दिवसापासून लाथ कमरेखाली आली. पुढे कुलसभेने ठराव केला की ही कला वंशजांनी शिकलीच पाहिजे. वंशज होते सत्तरीच्या पुढचे. पहिल्या आठवड्यात कुणाची कंबर धरली, कुणाचा गुडघा. दर आठवड्याला कुणालातरी नवा शोध लागायचा. एकाला आठवलं, आपले आजोबा म्हणत की खरी लाथ गुडघ्याएवढीच असते. दुसऱ्याच्या आजोबांनी घोट्याएवढी सांगितलेली. तिसऱ्याला स्वप्नात सेनापती दिसले. ते खुर्चीवर बसले होते. दुसऱ्या दिवशी तालमीत खुर्च्या आल्या.

पिल्ग्यूला वाटलं, आता पोरं पळणार. झालं उलटंच. आया ओवाळायच्या बाकी राहिल्या.

“सर, आमचा धाकटा आता कपाटाला लाथ मारत नाही,” एक आई डोळे पुसत म्हणाली. “गुडघ्यावर बसतो, हात जोडतो, पाय चार बोटं उचलतो आणि झोपायला जातो. काय ही कला! उगाच नाही तेराशे वर्षं टिकली!”

समोरच्या तालमीतली पोरं आया कान धरून इकडे आणू लागल्या. तुऱ्यावाला पोरगा व्हॅनच्या टपावर बसून सिगारेट ओढताना दिसायचा. जागा पुरेना. डुकरं पार डोंगरापलीकडे गेली. आणि ज्या माणसाने पस्तीस वर्षं घाम गाळून पाय आकाशाला लावला होता, तो आता चाळीस जणांना पाय चार बोटं उचलायला शिकवत होता. त्याचं डोकं भणभणायला लागलं.

एका सकाळी त्याने सगळ्यांसमोर दगडावर हात आपटला.

“पुरे! ऐका सगळे! सेनापती ओंग मुजिन नावाचा माणूस कधी झालाच नाही! मी बनवला. खाली शेवया खाताना बनवला!”

चार बोटं उचललेले पाय खाली टेकले.

“चित्रातला माणूस मी आहे. हे नाक माझं आहे! आणि ही कला कुठल्या सेनापतीची नाही. माझ्या गुरूंचे गुरू ती परक्या मुलखात, परक्यांचे टोमणे खात शिकले. माझ्या गुरूंनी लढाईनंतर जळक्या बाजारात, पोटात अन्न नसताना, अनवाणी पायाने ती गिरकी बसवली. पडले, हाड मोडलं, परत उठले. जिवंत माणसांनी केलंय हे सगळं! मला त्यांच्या नावाची लाज वाटली म्हणून मी तुम्हाला चिलखतातलं बुजगावणं दिलं. त्याच्यापुढे रडताय, आणि त्यांचं नाव तुम्हाला ठाऊक नाही!”

पिल्ग्यूच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग ग्यूबॉम काका काठी टेकत उठले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“होतं असं, जावईबापू. बायकोचं माहेर मोठं निघालं की पुरुषाला जड जातं.”

“अहो, मी खोटं बोललो! मी!”

“आता बोलताय. तेव्हा खरं बोललात, तुमच्याही नकळत. सेनापतींनीच तुमच्या तोंडून वदवलं. नाहीतर एका योमला ओंग नाव कसं सुचेल?”

मागून एक आई म्हणाली, “आणि बाजारात बसवलेली म्हणताय ती कला कुणाला हवीय, सर? साठ-सत्तर वर्षांची? त्याहून जुना माझा तांदळाचा रांजण आहे.”

पिल्ग्यूने मदतीसाठी सुनिमकडे पाहिलं. ती एकटी सगळं जाणत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, भरलेल्या तालमीकडे पाहिलं, खिडकीतून समोर व्हॅनवर लागलेल्या ‘विकणे आहे’च्या कागदाकडे पाहिलं.

“ह्यांना कालपासून कणकण आहे,” ती म्हणाली.

त्याच दुपारी कुलसभा बसली आणि निकाल झाला. परक्या रक्ताच्या माणसाने सेनापतींची कला परीक्षेशिवाय शिकवणं धोक्याचं. सुनिम ओंग असल्यामुळे तिला ब्लॅक बेल्ट जन्मतःच; तालीम तीच चालवेल. पिल्ग्यूने आधी पहिली परीक्षा द्यावी. नापास झाला तर विद्यार्थी म्हणून राहायला कुलसभेची हरकत नाही.

“तू तरी नको म्हण,” पिल्ग्यू घरी कळवळून म्हणाला.

“भावाचा फोन येऊन गेला,” सुनिम भाताचं झाकण काढत म्हणाली. “एक डुकरीण व्यालीय. माणूस अजून मिळालेला नाही म्हणे.”

परीक्षेला पिल्ग्यू पांढरा पट्टा बांधून उभा राहिला. दगडापलीकडे ग्यूबॉम काका बसले होते, शेजारी कडक इस्त्रीच्या पोशाखात सुनिम. भिंतीलगत आया, पोरं, टोप्या.

“मारा लाथ,” काका म्हणाले.

पिल्ग्यूने श्वास घेतला. शरीराला इतक्या वर्षांची सवय; पाय आपोआप छातीपर्यंत गेला.

“खाली,” काका म्हणाले.

त्याने पाय कमरेवर आणला.

“अजून.”

गुडघ्यावर.

“अजून. घाई नको. सेनापतींना आठवा.”

पाय घोट्याशी आला. एका पायावर उभ्या पिल्ग्यूची मांडी थरथरत होती, कपाळावर घाम होता, आणि उभ्या आयुष्यात कुठल्याच लाथेला त्याला इतकी ताकद लागली नव्हती. त्याने सुनिमकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच जमीन दाखवली.

पाय जमिनीला टेकला.

पिल्ग्यू दोन्ही पायांवर मुकाट, सरळ उभा राहिला. ग्यूबॉम काकांचे डोळे भरून आले.

“हीच!” ते शेजारच्या म्हाताऱ्याचा हात घट्ट धरून म्हणाले. “बघितलीत? तेराशे वर्षांपूर्वीची, अगदी हीच!”