मी सांगेपर्यंत सरळ

बेकरीच्या व्हॅनचा ड्रायव्हर लग्न करून सासऱ्याच्या धंद्यात गेला आणि बेकरीवाल्या काकूंवर उतारवयात गाडी शिकायची वेळ आली. दुसरा कोणी मिळेना, आणि पाव काही आपल्या पायांनी दुकानोदुकानी जाईनात.

शिकवणारे सर चांगले दांडगे होते. मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात, हे शोधूनही सापडलं नसतं. ते शेजारी बसले की गाडी त्या बाजूला कलायची. आठवडाभर गल्लीबोळ हिंडवल्यावर एका सकाळी त्यांनी गाडी हायवेला लावली.

"ताई, आज मोठा रस्ता. घाबरायचं नाही. मी सांगेपर्यंत सरळ."

एवढं बोलून सरांनी हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले.

काकू भारावून गेल्या. घरात त्यांनी सुरी हातात घेतली तरी नवरा "जपून" म्हणायचा. आणि हा माणूस आपला जीव त्यांच्या हवाली करून डोळे मिटून बसला होता! असा विश्वास त्यांच्यावर जन्मात कोणी टाकला नव्हता. त्या ताठ बसल्या आणि गाडी सरळ नेऊ लागल्या.

थोड्या वेळाने गाडीतून घरघर येऊ लागली.

"सर, इंजिनात काहीतरी झालंय."

घरघर वाढली. काकूंनी कान दिला, तर इंजिन बिचारं गुमान चाललं होतं. आवाज सरांचा होता.

"सर! अहो सर!"

"छान," सर झोपेतच म्हणाले. "हळूहळू क्लच सोडा."

काकूंनी क्लच धरलाच नव्हता. थांबावं म्हटलं, तर कडेला लोखंडी कठडा आणि मागे ट्रक. वळावं म्हटलं, तर यू-टर्नचा धडा पुढच्या आठवड्यात होता. राहता राहिलं सरळ.

आणि मग घोरणं बंद झालं. काकूंना आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं, घोरण्याबरोबर श्वासही बंद झाला होता. पोटावरचे हात जागच्या जागी. छाती हलेना. आपल्या शेजारी, सीटबेल्ट लावून, माणूस गेला!

"देवा, निदान कडेला घेईपर्यंत तरी..." त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात, गेलेलं पाणी परत येताना नळ जसा खाकरतो, फुरफुरतो आणि भसकन वाहू लागतो, तसा सरांचा श्वास परत आला. अंग दचकलं, पाय ताणला गेला आणि त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर दाणकन पडला. गाडी भर रस्त्यात बंद. मागचा ट्रक किंचाळत बाजूने निघून गेला. त्याच्या ड्रायव्हरने खिडकीतून काय ऐकवलं, ते काकूंनी पुढे नवऱ्यालाही सांगितलं नाही.

"मिररमध्ये बघत चला," सर म्हणाले आणि पुन्हा घोरू लागले. काकूंनी चावी फिरवून गाडी पुन्हा सरळ काढली.

त्या रस्त्यावर सर किती वेळा गेले आणि किती वेळा परत आले, याचा हिशोब काकूंनी ठेवला नाही. भीती होतीच, पण भीतीहून मोठं काहीतरी त्यांच्या मनात दाटून आलं होतं. श्वास म्हणजे केवढी गोष्ट! आपण तो पावाच्या पिठाइतकाही मोजत नाही. इथे एक धिप्पाड माणूस बसल्या जागी दर वेळी मरणाच्या दारापर्यंत जात होता आणि दर वेळी कोणीतरी त्याला मानगूट धरून मागे ओढत होतं. आणि त्याला स्वतःला याचा पत्ताच नव्हता!

दुसरं गाव लागलं. समोर इस्पितळाची पाटी दिसली, तीही डाव्या हाताला. डावीकडे वळायचं काकूंना येत होतं. त्या आत शिरल्या आणि पहिली मोकळी जागा दिसली तिथे गाडी लावली. इतकी झकास लागली की त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना. जागा अँब्युलन्सची होती. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली.

"पेशंट कोण?"

काकूंनी बोट दाखवलं. सरांना उचलून ठेवेपर्यंत त्यांची झोप मोडली नाही. स्ट्रेचर उतारावरून निघालं तेव्हा मात्र ते ताडकन उठले आणि ओरडले, "ताई, ब्रेक! ब्रेक!"

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण नजर करडी होती.

"मी झोपलो नव्हतो," सर म्हणाले. "डोळे मिटून गाडीचा आवाज ऐकत होतो. अनुभवी माणसाला आवाजावरून गिअर कळतो."

"अस्सं. मग आत्ता आपण कुठे आहोत?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सर, हे दुसरं गाव आहे," काकू हळूच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सकाळी डोकं दुखतं का, उठल्यावर तोंड कोरडं पडतं का, जेवताना पेंग येते का. सर प्रत्येक प्रश्नाला "ते तर सगळ्यांनाच होतं" म्हणत गेले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सरांच्या बायकोला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"घोरतात का म्हणून काय विचारता?" बायको म्हणाली. "म्हणून तर मी कधीची दुसऱ्या खोलीत झोपते. भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. मधेमधे आवाज थांबतो ना, तेवढाच काय तो मला आराम."

डॉक्टरीणबाई फोनकडे वाकल्या.

"वहिनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवाज थांबतो तेव्हा त्यांचा श्वास थांबलेला असतो."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एवढंच आलं, "मी निघाले."

"घसा आतून मिटतो," डॉक्टरीणबाईंनी सरांना समजावलं. "श्वास अडकतो, मेंदू घाबरून जागं करतो. रात्रभर हेच. तुम्हाला वाटतं आपण झोपलो, पण शरीर रात्रभर कुस्ती खेळत असतं. झोपेची तपासणी करून घ्या. आणि उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवायची नाही, शिकवायची तर मुळीच नाही."

सरांनी काकूंकडे पाहिलं. "ताई, तुम्ही एवढं अंतर एकटीने आणलंत?"

"एकटीने कुठे? तुम्ही मधेमधे छान म्हणत होतात की."

तपासणी झाली. रोज मास्क लावून झोपायचं मशीन मिळालं. पहिल्यांदा सरांनी तो सोंडेसारखा आहे म्हणून कुरकुर केली, पण पहिल्या सकाळी उठले ते पलंगावर नुसते बसूनच राहिले. "झोप म्हणजे अशी असते होय?" त्यांनी बायकोला विचारलं. आता तीही त्याच खोलीत होती.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर शिकवणी पुन्हा सुरू झाली. सर टक्क जागे होते.

"ताई, हा पूल कधी झाला हो?"

"सर, गेली कित्येक वर्षं आहे."

"कमाल आहे! आणि ही झाडं? केवढाली झालीत! अहो, तिकडे बघा, तळं! पाणी कसं चमकतंय!" सर सीटबेल्ट ताणून, अर्धे खिडकीबाहेर झुकून, आत्ताच जन्मल्यासारखे बघत होते. "बघा ना ताई, बघा!"

"सर, समोर ट्रक आहे."

"असू दे हो, तुम्ही तळं बघा!"

काकूंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना गाडी चालवायची खरी भीती वाटली.