बंडूच्या गालावरची सूज चोरीला गेली

अमरावतीपासून अकोल्यापर्यंतचे गुन्हेगार ज्याच्या नावानं चळचळा कापतात, तो गुप्तहेर किशोर म्हणजे मीच. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. माझी मोटरसायकल चोरीला गेली ती गोष्ट वेगळी. त्या वेळी मी तिच्यावर बसलेलो नव्हतो.

त्या सकाळी आमच्या वलगावचा बंडू रडतच आला.

"किशोरभाऊ, माही सूज चोरीले गेली!"

प्रकरण गंभीर होतं. गांधीलमाशी चावून बंडूचा गाल टम्म फुगला होता. ते ध्यान पाहून गावच्या नाटकाचे दिग्दर्शक अब्दुल गफ्फार मास्तरांनी त्याला दारुड्याची भूमिका देऊन टाकली. आजवर पडदा ओढण्यापलीकडे बिचाऱ्याच्या वाट्याला काही आलं नव्हतं. आणि आज संध्याकाळी प्रयोग, तर गाल सपाट!

मी भिंग काढलं. गालावर ओरखडासुद्धा नाही, म्हणजे चोर सराईत. आणि चोरीची सूज ठेवणार कुठे? गालावरच! बंडूला घेऊन मी गावातले गाल तपासत निघालो. पानठेल्यावर नत्थुजी बसले होते. उजवा गाल फुगलेला.

"माल काढा!" मी गरजलो.

नत्थुजींनी माल काढला. तो तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, आणि तो त्यांनी माझ्या बुटावर काढला.

दवाखान्यातली नर्स नगमा पायरीवरून हे बघत होती.

"काहून लोकायले छळून राहिले, किशोरभाऊ? सूज कोणी नेली नाई. माशी चावली तं आंगातले शिपाई धावले, त्यायनं धिंगाणा घातला, म्हणून गाल सुजला. मंग शरीरच काही प्रथिनं सोडते. थे शिपायायले सांगते, बस झालं, आता शांत व्हा. हे सांगणारं कोणी नसतं, तं गाल फुगतच रायला असता."

"म्हणजे आतल्याचंच काम! नाव सांग त्याचं."

"एकाचं नाव इंटरल्युकिन दहा."

"टोळी हाय! बाकीचे नऊ कुठी लपले?"

नगमानं थर्मामीटर काढून माझा ताप बघितला.

"मंग भूमिका गेली नं माही?" बंडूचे डोळे पुन्हा भरले. मला गलबलून आलं. मूळ साक्षीदार अजून बाकी होता. मी तडक बंडूच्या शेतात गेलो आणि चिंचेवरच्या पोळ्यात काठी घालून गांधीलमाशीची उलटतपासणी सुरू केली. साक्षीदार एकटी नव्हती.

मास्तरांच्या दारात पोचलो तेव्हा गाल पुढे आणि मी मागे. आत बंडू मास्तरांच्या विनवण्या करत होता. मला बघताच तो ओरडला, "मास्तर, चोर सापडला! हे पाहा माही सूज, याच्या गालावर!"

सिद्धांत माझाच होता. शिवाय तोंड उघडत नव्हतं.

"वा, काय चेहरा हाय!" मास्तर हरखले. "किशोर, दारुड्याचं काम तुले. बंडू, तू हवालदार. दारुड्याच्या थोबाडीत मारायची, येवढंच काम हाय. पण लोकायच्या समोर हाय."

बंडूनं जीव ओतून काम केलं. नाटकात थप्पड एकच लिहिलेली होती. प्रेक्षकांनी चहूकडून वन्स मोअर दिला, आणि बंडूनं एकालाही नाराज केलं नाही.