क्लच आणि कोरम

"कुत्रं शिकवायला काय लागतं?" असं मास्तर सकाळी म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत पिल्लाने त्यांचा एक बूट, सोफ्याचा एक कोपरा आणि बायकोच्या चपलेचा अंगठा फस्त केला. मास्तर डगमगले नाहीत. डगमगणं त्यांच्या धंद्यात बसतच नव्हतं. ते ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती, आणि उरलेलं अर्धं गाव त्यांच्या विद्यार्थ्यांमुळे रस्त्याच्या कडेने जपून चालायला शिकलं होतं.

पिल्लूही एका विद्यार्थ्याकडूनच आलं. हा पठ्ठ्या परीक्षेत सारखा नापास व्हायचा. शेवटी एकदाचा पास झाला, तेव्हा आनंदाच्या भरात मामाच्या मेंढ्यांच्या कळपावरच्या कुत्रीचं एक पिल्लू उचलून थेट मास्तरांच्या दारात हजर झाला. काळं-पांढरं पिल्लू, एक कान उभा, एक आडवा, आणि अंगात अशी रग की बसल्या जागीही ते अर्धं पळतच असायचं. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं क्लच.

"जातिवंत आहे," ते बायकोला म्हणाले. "याच्या घराण्यात सगळ्यांनी मेंढ्या राखल्यात."

"आपल्याकडे मेंढ्या कुठायत?"

"नसू देत. हुशारी तर आहे ना? चार दिवसांत सरळ करतो बघ."

"अहो, तुम्ही शिकवलेली माणसं अजून गाडी मागे घेताना स्वतःच्याच फाटकाला ठोकतात. आणि हा तर चार पायांचा."

मास्तरांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संसार इतकी वर्षं त्यावरच चालला होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "मास्तर, याला दमवा. तुम्ही नाही दमवलंत, तर तो तुम्हाला दमवेल. आणि लहान आहे तोवर माणसांत मिसळायला शिकवा. जितकी जास्त माणसं भेटतील तितकं बरं."

मास्तरांना एवढंच हवं होतं. बिल्डिंगमध्ये माणसांना काय तोटा! रोज संध्याकाळी ते क्लचला घेऊन एकेका दारात उभे राहू लागले. "हा क्लच. याला तुमच्या हाताने एक बिस्कीट द्या, म्हणजे ओळख राहील." बिस्कीटही मास्तर स्वतःच खिशातून काढून द्यायचे. तळमजल्यावरच्या काकू, त्यांच्या शेजारचे दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको, शिकवणीवाल्या बाई, अगदी वरच्या मजल्यावरचा तो दिवसा झोपणारा गृहस्थ, सगळ्यांची ओळख झाली. कोण कुठे राहतं हे बिल्डिंगमध्ये पोस्टमनखालोखाल क्लचला कळू लागलं.

गडबड झाली ती मास्तरांच्या पायाने. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. विद्यार्थी गांगरला की मास्तरांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. इतक्या वर्षांत त्या पायाला सवयच जडली होती. घरात टीव्हीवर कोणी जोरात गाडी चालवली तरी पाय आपटायचा, आणि खालच्या काकू झाडूच्या दांड्याने छतावर ठोकायच्या.

आता झालं काय, की अंगणात क्लच पहिल्यांदा सुटला आणि काकूंच्या दिशेने धावला. मास्तर ओरडायच्या आधी त्यांचा पाय जमिनीवर दाणकन आपटला. क्लचला वाटलं, हीच आज्ञा. तो काकूंना वळसा घालून त्यांच्या मागे गेला, पोट जमिनीला टेकवून डोळे वटारले, आणि काकूंना कचऱ्याच्या बादलीसकट मास्तरांपुढे आणून उभं केलं. मास्तरांना तेवढंच दिसलं की पिल्लू परत आलं. "शाब्बास!" म्हणून त्यांनी बिस्कीट दिलं.

दुसऱ्या दिवशी दाताचे डॉक्टर आले. दवाखान्याला निघालेला माणूस, बॅग हातात, उलटा चालत मास्तरांपुढे येऊन ठेपला. "मास्तर, हे काय आहे? पेशंट तोंड उघडून बसलाय तिकडे!" मास्तरांनी क्षमा मागितली आणि क्लचला, परत आला म्हणून, बिस्कीट दिलं.

हा सगळा घोळ गॅलरीतून बायकोच्या लक्षात आला.

"अहो, तुमचा पाय!"

"काय झालं पायाला?"

"तुम्ही पाय आपटता, तो माणूस आणतो, तुम्ही बिस्कीट देता. काय शिकवताय तुम्ही त्याला?"

मास्तरांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे शिकला की! मी म्हटलं नव्हतं?"

पण आता पाय आवरायला हवा होता, आणि पाय काही आवरेना. काळजी वाटली की पाय आपटायचा, आणि क्लच मोकळा दिसला की काळजी वाटायची. अशातच एका संध्याकाळी फोनवर बोलत फेऱ्या मारणारे सेक्रेटरी क्लचच्या तावडीत सापडले. सेक्रेटरी म्हणजे बिल्डिंगच्या कारभाराचा सगळा भार वाहणारा, नियमाला पक्का माणूस. क्लचने त्यांना पाण्याच्या पंपाच्या कोपऱ्यात कोंडलं. ते डावीकडे सरकले की क्लच डावीकडे, उजवीकडे सरकले की उजवीकडे. पँटच्या काठाला हळूच दात लावून त्याने त्यांना मास्तरांपर्यंत आणलं, तेव्हा सेक्रेटरींचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मास्तर, रविवारी सभा. बिल्डिंगमध्ये कुत्रा पाळायला मनाई, असा ठराव मी स्वतः मांडणार आहे."

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यापासून घर कसं खायला उठायचं. आता दार उघडलं की कोणीतरी आनंदाने अंगावर झेपावत होतं. मास्तरांना ते पिल्लू हवं होतं, मनापासून हवं होतं.

सकाळपर्यंत मात्र त्यांची गाडी परत रुळावर आली. "काही होत नाही," ते म्हणाले. "ठराव पास व्हायला निम्मे सभासद तरी हजर हवेत. आपल्याकडे कोरम कधी भरलाय? कोरम भरला असता तर लिफ्ट अशी बंद पडून राहिली असती का?"

"पण तुम्ही तरी जा. आपली बाजू मांडायला कोणी नको?"

"मी खुर्चीवर बसलो की एक माणूस वाढला. मी अंगणात लांब उभा राहतो."

आणि खरंच, रविवारी मास्तर क्लचला घेऊन अंगणाच्या पार टोकाला, सभेत मोजले जाणार नाहीत अशा बेताने उभे राहिले. पार्किंगमध्ये मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर सेक्रेटरी होते आणि एकीवर काकू. काकूंना सभेत रस नव्हता, पण खुर्ची बरी होती. बाकीचे लोक खुर्च्या दिसताच पावलं न वाजवता फाटकाकडे सटकत होते. शिकवणीवाल्या बाई पिशवी घेऊन निघाल्या होत्या. दाताच्या डॉक्टरांच्या पत्नी गाडी मागे घेत होत्या, आणि शेजारी डॉक्टर डोळे मिटून बसले होते. डॉक्टरांच्या पत्नी मास्तरांच्याच सध्याच्या विद्यार्थिनी.

मास्तर समाधानाने हे पाहत होते. एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की गाडी सरळ मागे, काकूंच्या खुर्चीकडे निघाली आहे.

"ब्रेक!" मास्तर ओरडले, आणि त्यांचा पाय असा काही आपटला की हातातला पट्टा सुटला.

गाडी थांबली. क्लच निघाला.

त्याने आधी डॉक्टर आणि त्यांच्या बायकोला गाडीतून उतरवून खुर्च्यांपर्यंत आणलं. मग फाटकाला वळसा घालून शिकवणीवाल्या बाईंना पिशवीसकट परत फिरवलं. "अरे थांब, थांब!" म्हणत मास्तर मागे धावले, आणि घाबरून प्रत्येक वेळी पाय आपटत राहिले. क्लचला आजवर मालकाचा असा हुरूप कधी दिसला नव्हता. अंगणातली माणसं संपली तेव्हा तो जिन्याने वर गेला. प्रत्येक दार ओळखीचं, प्रत्येक दारामागे एकदा बिस्कीट मिळालेलं. ओरखडे ऐकून लोक दार उघडत होते आणि खाली येत होते. कोणाच्या तोंडात ब्रश, कोणाच्या तोंडाला दाढीचा फेस. दिवसा झोपणारा गृहस्थ उशी घेऊनच आला. सगळ्यात शेवटी, मेंढीसारख्या कासावीस चेहऱ्याने, मास्तरही आले, कारण क्लचने त्यांनाही सोडलं नव्हतं.

सेक्रेटरींनी बोटाने माणसं मोजली. परत मोजली. मग ते उठून उभे राहिले.

"कोरम... मंडळी, कोरम भरलाय!"

लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव चुटकीसरशी पास झाला. पाण्याच्या टाकीचाही. मध्येच डॉक्टरांनी फोन आल्याचं निमित्त करून उठून पाहिलं, पण दोन पावलांवर क्लच होता. ते निमूटपणे येऊन बसले. मग निघाला कुत्र्याचा विषय. फेस वाळलेल्या, भुकेल्या, चिडलेल्या माणसांचे हात एकदम वर गेले. मास्तरांखेरीज फक्त काकूंनी हात खाली ठेवला.

मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले. "अहो, त्याचं काय चुकलं? चुकलं असेल तर माझं," असं ते म्हणाले, पण इतक्या हळू की कोणाच्या कानावर गेलं नाही.

"ठराव मंजूर," सेक्रेटरी म्हणाले, आणि मग, नियम तो नियम, त्यांनी पुढे जोडलं, "हा नियमातला बदल आहे. पुढच्या रविवारी दुसऱ्या सभेत परत कोरम भरून तो कायम करावा लागेल. तोवर कुत्रा राहू शकतो."

आठवडा कसा गेला ते मास्तरांनाच ठाऊक. विद्यार्थ्याच्या मामाचा निरोप आला, "पाठवा परत, कळपाला उपयोगी पडेल." मास्तरांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. विद्यार्थ्यांवर मात्र ते इतके सौम्य झाले की दोघांनी विचारलं, "मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

"कुठेही जायचं नाही त्याने," बायको एका दुपारी ठणकावून म्हणाली. चपलेचा अंगठा ती विसरली नव्हती, पण रोज त्याच चपला घालून ती क्लचला फिरायला नेत होती. "मी घरात बांधून ठेवते त्याला. कोण येतंय सभेला, बघूया."

रविवार उजाडला. क्लच वर बांधलेला, आणि पार्किंगमध्ये खुर्च्यांच्या रांगा. सेक्रेटरी, काकू, आणि काळजीने राहवेना म्हणून लवकर येऊन बसलेले मास्तर. हात वर करणाऱ्यांपैकी एकाचाही पत्ता नव्हता. गेल्या रविवारचा सगळा राग झोपेपुढे फिका पडला होता. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर रंगाच्या नमुन्यांच्या पट्ट्या होत्या. किती वर्षं हा माणूस बिल्डिंगला रंग द्यायचं म्हणत होता!

शेवटी ते खाकरले. "मास्तर, क्लच कुठाय?"

"वर. बांधलाय."

"खाली आणा की."

"वा! म्हणजे माझ्याच कुत्र्याने कोरम भरायचा आणि त्यालाच हाकलायचं? मला काय खुळा समजलात?"

सेक्रेटरींनी काकूंकडे पाहिलं. काकू पायावर पाय टाकून निवांत बसल्या होत्या. सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "आज आधी रंगाचा विषय घेऊ. त्याचा विषय शेवटी."

"शेवटी का होईना, निघणारच ना!"

"वेळ उरला तर. आणि आज वेळ उरणार नाही, हे मी सेक्रेटरी म्हणून सांगतो." मग ते आणखी थोडे पुढे झुकले. "पुढच्या सभेत गच्चीची गळती घ्यायची आहे. मग पाइप. मग कंपाउंडची भिंत. भिंत होईपर्यंत रंग परत उडालेला असतो, मास्तर. या बिल्डिंगची कामं माझ्या हयातीत संपत नाहीत."

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. माणूस थट्टा करत नव्हता. त्यांनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात गॅलरीकडे हाक मारली, "अगं, सोड त्याला!"

वर दार उघडल्याचा आवाज झाला. लगेच कुठल्या तरी मजल्यावरून कोणीतरी किंचाळलं, "अहो, उठा, पँट घाला, तो आला!" सेक्रेटरींनी रंगाच्या पट्ट्या बगलेत मारल्या आणि भिंतीला टेकवलेल्या जादा खुर्च्या उघडायला घेतल्या.