मागच्या गाडीसाठी मारलेला ब्रेक

मास्तर आणि त्यांची लेक यांच्यात गाडीच्या आकारावरून वाद पेटला आणि तो जेवणाच्या टेबलावर सलग तीन दिवस चालला. लेकीला नोकरी लागली होती. दीड तासावरच्या एका गावात पाणी तपासणारी प्रयोगशाळा होती. तिथेच खोली घेऊन राहायचं आणि आसपासच्या विहिरी, टाक्या, तलाव पालथे घालून बाटल्यांमधून पाण्याचे नमुने आणायचे, असं काम. अट एकच होती, की गाडी स्वतःची हवी आणि ती स्वतः चालवायला हवी. लेकीने साठवलेल्या पैशांतून एक जुनी, छोटीशी गाडी ठरवली. मास्तर म्हणाले, ही गाडी नव्हे, हा चाकं लावलेला डबा आहे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. तीस वर्षं ते ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते आणि रस्त्यावर दिसणारा दर तिसरा माणूस त्यांच्याच हाताखालून गेलेला होता. डॉक्टर, दूधवाले, बँकेचे मॅनेजर, सगळ्यांना त्यांनी वीस दिवसांत तयार करून रस्त्यावर सोडलं होतं. राहिली होती फक्त एक विद्यार्थिनी. लेकीचं लायसन्स चार वर्षांपासून कपाटात होतं, पण एकटीला गाडी द्यायची वेळ आली की मास्तर म्हणायचे, "अजून हात बसला नाही." चार वर्षांत तो कसा बसला नाही, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. खरं सांगायचं तर हात उत्तम बसला होता, मास्तरांचा जीवच थाऱ्यावर बसत नव्हता.

त्यांची स्वतःची गाडी होती दोन टनांची. तिच्यात शिरायला आधी पायरीवर पाय ठेवावा लागे. मास्तर तिला प्रेमाने किल्ला म्हणत. रस्त्यावर आकार महत्त्वाचा, समोरच्याला आपण दिसलो पाहिजे आणि आदळलंच कुणी तर त्याचं नुकसान झालं पाहिजे, असं त्यांचं साधं गणित होतं. त्यांनी लेकीला किल्ला देऊ केला. लेक म्हणाली, विहिरीकडे जाणारे रस्ते बैलगाडीपुरते असतात, तिथे किल्ला अडकला तर काढणार कोण? यावर मास्तर जेवण अर्धं टाकून उठले.

शेवटी मास्तरीणबाई मध्ये पडल्या आणि तह झाला. छोटी गाडी घरी आणायची, पण पहिल्या दिवशी मास्तर किल्ल्यातून पुढे आणि लेक छोटीतून मागे. लेकीने अंतर राखून, शिस्तीत, मास्तर दाखवतील त्या वाटेने यायचं. मास्तरांचं समाधान झालं तर पुढचं पुढे. लेकीने होकार दिला. तिला गाडी नको होती असं नाही, पण त्याहून जास्त तिला बापाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं: "तुला येतं." निम्म्या गावाला मिळालेलं ते वाक्य तिच्या वाट्याला आलं नव्हतं आणि ते न ऐकता नोकरीवर जायचं तिच्या मनाला पटत नव्हतं.

त्या दिवशी रस्ता मोकळा होता, ऊन छान होतं आणि पुढे कुत्रंसुद्धा नव्हतं. असतं तरी मास्तरांना दिसलं नसतं, कारण ते पुढे बघतच नव्हते. त्यांचे डोळे आरशात होते. मागचं नीट दिसावं म्हणून त्यांनी सीटची डोक्यामागची उशी पार खाली दाबून ठेवली होती. विद्यार्थ्यांनी असं केलं असतं तर त्यांनी गाडी थांबवून अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. लेक व्यवस्थित येत होती. मग तिने सिग्नलच्या अलीकडे जरासा वेग वाढवला आणि दोन गाड्यांमधलं अंतर मास्तरांच्या मते हातभर कमी झालं. त्यांनी ओरडून सांगायला खिडकीतून मान बाहेर काढून मागे वळवली. आणि तेवढ्यात त्यांच्या पायाने घात केला.

स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे मास्तरांचा वेगळा ब्रेक होता. शिकणाऱ्याची चूक झाली की मास्तरांचा पाय खाली. तीस वर्षांत त्या पायाने डोक्याला विचारणं कधीच सोडून दिलं होतं. लेक चुकली असं डोळ्यांना दिसलं, पायाने कचकचीत ब्रेक दाबला आणि अर्थातच थांबला तो किल्ला. छोटी गाडी येऊन मागून आदळली.

लेकीला काही म्हणजे काही झालं नाही. पट्टा लावलेला, उशी डोक्याच्या उंचीला, हात जिथे हवेत तिथे. सगळं बापाने शिकवलेलं. छोटीचं नाक चेपलं. किल्ल्याच्या मागच्या बाजूला बोटभर ओरखडा आला. आणि किल्ल्याच्या आत मास्तर, खिडकीबाहेर मान वळलेल्या अवस्थेत, तसेच राहिले. मान परत यायला तयार नव्हती.

गर्दी जमली. गर्दीतले निम्मे मास्तरांचे विद्यार्थी आणि वाहतूक पोलीसही त्यातलाच. त्याने वही काढली आणि अदबीने विचारलं, "सर, समोर काही आडवं आलं होतं का?"

"नाही," मास्तर एका बाजूला बघत म्हणाले. दुसरीकडे बघता येतच नव्हतं.

"सिग्नल?"

"हिरवा होता."

"मग ब्रेक का मारला, सर?"

मास्तर जन्मात खोटं बोलले नव्हते, निदान रस्त्यावर तरी. "मागची चुकली म्हणून," ते म्हणाले.

पोलिसाने पेन वहीवर टेकवलं, पुन्हा उचललं, आणि शेवटी काहीच न लिहिता वही बंद केली. त्यालाही वीस दिवसांत मास्तरांनीच शिकवलं होतं. गुरूच्या नावावर हे लिहायला त्याचा हात धजावला नाही. संध्याकाळपर्यंत मात्र गावभर झालं.

हाड शाबूत निघालं, पण मान चांगलीच झटकली गेली होती. गळ्यात जाडजूड पट्टा आला, हनुवटी आभाळाकडे गेली आणि रोज फिजिओथेरपीला जायचं ठरलं. ती फिजिओथेरपिस्टही मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, क्लच सोडताना रडणारी म्हणून त्यांच्या लक्षात राहिलेली. मास्तर तिच्यापुढे कुरकुरले, की एवढी दणकट गाडी असून लागलं कसं? ती म्हणाली, "सर, गाडी दोन टनांची असली तरी मान तुमची तेवढीच राहते."

आता प्रश्न आला दवाखान्यात जायचं कसं. मास्तरांना चालवायला बंदी. किल्ल्याच्या पायरीवर चढायचं तर खाली बघावं लागतं, आणि मास्तरांना फक्त वर बघता येत होतं. दोनदा त्यांचा पाय पायरीऐवजी हवेत पडला. तिसऱ्या वेळी मास्तरीणबाईंनी मागून ढकलून पाहिलं, पण मध्येच त्यांना हसू फुटलं आणि हातातलं बळ गेलं. तोवर छोटीचं नाक गॅरेजवाल्याने सरळ करून आणलं होतं. तिच्यात पायरीबियरी काही नव्हती. मास्तर पाठ करून उभे राहत, अंग सोडून देत आणि थेट सीटमध्ये जाऊन पडत. अशा रीतीने तीस वर्षांत पहिल्यांदाच ते लेकीच्या शेजारी, हातापायांत काहीही सत्ता नसताना बसले.

पहिला आठवडा फार वाईट गेला. पायाखाली ब्रेक नव्हता, पण पाय दाबायचा थांबेना. पट्ट्यामुळे आरसे दिसत नव्हते, बाजूच्या गाड्या दिसत नव्हत्या, दिसायचं ते फक्त गाडीचं छत आणि सिग्नलचे दिवे. मास्तर नुसत्या आवाजावरून शिकवू लागले. इंजिन जरा घुरघुरलं की "गिअर", कुठे हॉर्न वाजला की "अंतर". लेक शांतपणे "हो बाबा" म्हणायची आणि हवं तेच करायची. दवाखाना मात्र त्यांना दिवसेंदिवस लांब वाटू लागला. पहिल्यांदा दहा मिनिटांत येणारा दवाखाना पंचवीस मिनिटांवर गेला, मग चाळीसवर. मास्तर घरी येऊन म्हणायचे की गर्दी फार वाढलीय, या गावात राहण्यात अर्थ उरला नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दात घासायला पट्टा काढला तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं, की मान दुखत नाही. त्यांनी ती डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वर-खाली केली. दारासारखी फिरत होती. आनंदाने ते हाक मारणार, इतक्यात त्यांना तारीख आठवली. लेकीच्या रुजू होण्याला दोन आठवडे उरले होते. मान बरी झाली की दवाखाना संपला, दवाखाना संपला की लेक निघाली. मास्तरांनी पट्टा पुन्हा गळ्यात चढवला आणि बाहेर येऊन जरा जास्तच कण्हले.

खोटं बोलायची सवय नसली की माणूस त्यात फार मेहनत घेतो. मास्तर आज डावीकडे दुखतंय म्हणत, उद्या उजवीकडे. परवा ते विसरून दोन्हीकडे, आणि वर खांद्यातही. एकदा बशीतला शेवटचा लाडू मास्तरीणबाई उचलताहेत असं दिसताच त्यांनी गर्रकन मान वळवली होती. बाईंनी पट्ट्याकडे एकदा बघितलं आणि लाडू त्यांच्या ताटात ठेवला. लेकीने तर, मास्तरांच्या समजुतीप्रमाणे बापाचे हाल बघून, रुजू व्हायला आठवडाभर मुदत वाढवून मागितली आणि ती मिळालीसुद्धा. त्या रात्री मास्तरांना झोप लागली नाही. आपण लेकीच्या वाटेत आडवे पडलोय हे त्यांना कळत होतं, आणि तरी उठवत नव्हतं. स्वतःला त्यांनी मनातल्या मनात नापास केलं.

वाढीव मुदतीतल्या शेवटच्या शनिवारी फिजिओथेरपिस्टने लेकीला बाहेर बसवलं आणि मास्तरांचा पट्टा सोडायला घेतला. मास्तर लगेच म्हणाले, की नको, फार दुखतं.

"दुखत नाही, सर. थांबून तीन आठवडे होत आले."

"तुला काय माहीत?"

"रोज मान माझ्या हातात असते. आणि हा पट्टासुद्धा खरा नाही. खरा मी कधीच काढला, हा नुसता स्पंज आहे. याने काही होत नाही, बिघडतही नाही."

मास्तरांचा चेहरा पडला. मग त्यांना दुसरा प्रश्न सुचला. "मान बरी होती, तर मग हा पट्टा ठेवलास कशासाठी?"

फिजिओथेरपिस्टने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिने सांगितलं म्हणून. म्हणाली, पट्टा आहे तोवर बाबा शेजारी गप्प बसतील. तो निघाला की स्टिअरिंग मागतील. तेवढ्यात सगळा सराव करून घेते. रोज तुम्हाला लांबच्या रस्त्याने आणते ती, सर. हायवे, घाट, पुलाखालची अरुंद गल्ली. तुम्हाला बाजूचं दिसत नव्हतं, म्हणून कळलं नाही. मुदतही तिने तुमच्यासाठी नाही वाढवली, घाट राहिला होता म्हणून वाढवली."

लोकांना फसवायला निघालेला माणूस इतक्या पद्धतशीरपणे फसलेला मास्तरांनी दुसरा पाहिला नव्हता. राग येईल म्हणून त्यांनी जरा वाट पाहिली, पण तो आला नाही. पोरगी घाटातून गाडी नेते आणि शेजारी बसलेल्या तीस वर्षांच्या मास्तराला तो घाट आहे हे कळतही नाही, याचा अर्थ त्यांना बरोबर समजला होता.

ते उघड्या मानेने बाहेर आले. लेक उभी राहिली. "बाबा, पट्टा?"

"राहू दे आत. चल, नेहमीच्या रस्त्याने."

"नेहमीच्या म्हणजे..."

"घाटाच्या," मास्तर म्हणाले.

लेकीने गाडी काढली. हायवेला लागल्यावर मात्र तिच्याच्याने राहवेना. समोर बघतच ती म्हणाली, "बाबा, एकदाच सांगा. मला येतं की नाही?"

मास्तरांनी उत्तराची तयारी केली. कौतुक करायचं तर आधी चुका मोजून दाखवायच्या, ही त्यांची पद्धत. त्यांनी डोळे मिटून चुका आठवायला घेतल्या. वळणावर हात... नाही, तो ठीक होता. गिअर... तोही वेळेवर पडला होता. तिसरी चूक शोधता शोधता इंजिनाचा आवाज एकसारखा येत राहिला आणि मास्तरांचं डोकं हळूहळू खिडकीकडे कललं.

जाग आली तेव्हा गाडी घरासमोर उभी होती, इंजिन बंद होतं आणि लेक त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चालत्या गाडीत मास्तर आजवर कधी झोपले नव्हते. ना बसमध्ये, ना ट्रकमध्ये, ना मेहुण्याच्या लग्नाच्या चौदा तासांच्या प्रवासात. लेकीला ते पक्कं ठाऊक होतं.

"बाबा, तुम्ही झोपलात," ती म्हणाली. "अख्खा घाट झोपलात."

मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं, पण तितक्यात त्यांनी मान सरळ केली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. अर्धा तास कललेली मान आखडून लाकूड झाली होती. या वेळी अगदी खरोखर.

सोमवारी सकाळी छोटीच्या मागच्या सीटवर बाटल्यांचे खोके लागले. मास्तर दारात ताठ उभे होते. लेक पाया पडली, वर पाहून तिने डोळे बारीक केले आणि विचारलं, "मान कशीय? खरं सांगा हं."

"एकदम मोकळी," मास्तर म्हणाले. "तुला येतं. जा."

लेक हसली, गाडीत बसली, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि निघाली. मास्तरांनी हात हलवला. गाडी रस्त्याने उजवीकडे सरकत गेली आणि मान वळत नसल्यामुळे मास्तरही पावलं टाकत, सबंध अंगाने, तिच्यासोबत उजवीकडे वळत गेले.

मास्तरीणबाई मागून हळूच म्हणाल्या, "अहो, आणू का पट्टा?"

"थांब," मास्तर दात आवळून, हात तसाच हलवत म्हणाले. "गाडी कोपऱ्यावरून वळू दे आधी."